घोडे किती, आणि मोजले कुणी?

फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ च्या मे महिन्यात भारतात आली. एका हॅचबॅकला ५३ लाखांच्या आसपास, तेही एक्स-शोरूम! म्हणजे आमच्यासारख्यांनी फक्त फोटो बघायचे. पण फोटो बघणाऱ्यांमध्येही वाद होतातच. एका ठिकाणी तिची ताकद २६५ लिहिलेली, दुसऱ्या ठिकाणी २६१. "मधले चार घोडे गेले कुठे?" हा प्रश्न मला निदान तिघांनी विचारला. (मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे टीममधल्या समस्त गाडीवेड्यांचा मी फुकटचा सल्लागार.)

उत्तर सोपं आहे. घोडे कुठेच गेले नाहीत. २६५ आहेत ते जर्मन घोडे आणि २६१ आहेत ते इंग्रजी. जर्मन घोडा म्हणजे पीएस. ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद, म्हणजेच ७३५.५ वॅट. इंग्रजी हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची. इंग्रजी घोडा साधारण दीड टक्क्याने तगडा, म्हणून तेच काम करायला तो थोडा कमी लागतो. इंजिन एकच, १९५ किलोवॅटचं. बुगाटी व्हेरॉन २००५ मध्ये आली ती '१००१' असा झोकदार आकडा मिरवत, पण ते पीएस होते. इंग्रजी घोड्यांत मोजलं तर भरतात ९८७!

पण हा झाला नुसता एककांचा घोळ, रुपये आणि डॉलरसारखा. गुणाकार केला की मिटला. खरी गंमत पुढे आहे. एकक तेच, इंजिन तेच, तरी आकडे वेगळे, असं गेल्या शंभर वर्षांत कितीतरी वेळा झालंय. आणि मंडळी, मला वाटतं त्याचं कारण अश्वशक्तीच्या जन्मातच आहे. आपण शाळेत ती भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो खरी, पण ती जन्माला आली बिलाच्या पुस्तकात.

जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांचा सुरुवातीचा धंदा खाणमालकांशी होता. खाणीतलं पाणी उपसायला तिथे आधीपासूनच न्यूकोमेनची वाफेची इंजिनं होती आणि ती कोळसा खायची बकासुरासारखी. वॉट म्हणायचा, माझं इंजिन लावा, जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश मला द्या. हिशेब सरळ. पण १७८० च्या दशकात त्याने चाक फिरवणारं इंजिन काढलं आणि दारू गाळणारे, गिरण्या चालवणारे असे नवे गिऱ्हाईक आले. त्यांच्याकडे जुनं इंजिन नव्हतंच, होते घोडे! आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल जुंपतात तसे गोल गोल फिरणारे घोडे. आता 'वाचलेला कोळसा' मोजणार कसा?

मग वॉटने घोडाच मोजला. हिशेब सांगितला जातो तो असा: १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार केला तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॉटने तो आकडा ३३,००० धरला आणि झाला एक हॉर्सपॉवर. त्यावर दर घोड्यामागे वर्षाला ५ पौंड भाडं, लंडनमध्ये ६. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर सबस्क्रिप्शन मॉडेल, आणि युनिट होतं घोडा! लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत १७८५ साली असंच एक इंजिन घोड्यांच्या जागी बसलं. ते आज सिडनीच्या संग्रहालयात आहे.

दिवसभर घाण्याला जुंपलेल्या साध्या घोड्याकडून एवढं काम निघत नाही. म्हणजे वॉटचा घोडा खऱ्या घोड्यापेक्षा जरा दणकटच होता. यात विक्रेत्याचा शहाणपणा आहे. दहा घोड्यांचं इंजिन घेतलं आणि ते दहा घोड्यांपेक्षा जास्त काम करतंय असं दिसलं तर गिऱ्हाईक तक्रार करेल का? (उलट अगदी थोडा वेळ पळायचं असेल तर घोडा १५ हॉर्सपॉवरच्या जवळ जातो, असा हिशेब 'नेचर' मासिकात १९९३ मध्ये छापून आला होता. म्हणजे एका घोड्यात १५ घोडे!)

इंजिनाचा आकडा काढायची रीत फ्रेंच इंजिनिअर गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये दिली. फिरत्या शाफ्टवर लाकडी शिमटा आवळायचा, त्याला दांडा जोडायचा आणि दांड्याच्या टोकावर किती वजन पेलतं ते बघायचं. शाफ्टला ब्रेक लावून मोजलेली ताकद म्हणून ब्रेक हॉर्सपॉवर, बीएचपी. गाडीच्या ब्रेकशी याचा काडीचा संबंध नाही! ज्यांनी इंजिनिअरिंगला थर्मलचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना रोप ब्रेक डायनॅमोमीटर आठवेल. ड्रमवर दोरी, एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग बॅलन्स, ड्रम तापतो म्हणून एकाने पाणी सोडत राहायचं आणि दुसऱ्याने रीडिंग घ्यायचं. तो प्रोनीच्याच खानदानातला.

पण ब्रेक लावताना इंजिन कुठल्या अवस्थेत होतं? त्यावर पंखा, पाण्याचा पंप, सायलेन्सर बसवला होता की काढून ठेवला होता? हवा गार होती की गरम? तेव्हा एका गोष्टीची खात्री झाली की पुढचं सगळं राजकारण याच प्रश्नांवर होणार.

पहिला मोठा दणका दिला ब्रिटिश सरकारने. १ जानेवारी १९२१ पासून तिथे गाडीवर दर हॉर्सपॉवरला १ पौंड वार्षिक कर सुरू झाला. पण प्रत्येक इंजिनाला ब्रेक लावत कोण बसणार? म्हणून तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं, म्हणजे आरएसीचं, जुनंच सूत्र घेतलं: सिलिंडरच्या व्यासाचा (इंचात) वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. बस्स. पिस्टन किती लांब धावतो, म्हणजे स्ट्रोक किती, याचा सूत्रात पत्ताच नाही! इंजिन किती वेगाने फिरतं त्याचाही नाही.

आता तुम्ही डिझायनर असता तर काय केलं असतं? सिलिंडर अरुंद आणि लांब. सगळ्यांनी तेच केलं. कर वाचला, पण असं इंजिन वेगाने फिरायला नाखूश असतं, आणि अरुंद सिलिंडरवर मोठे व्हॉल्व्ह मावत नाहीत. एका करसूत्राने एका अख्ख्या देशाच्या इंजिनांचा आकार पंचवीसेक वर्षं ठरवून टाकला. फोर्डच्या मॉडेल टीचा आरएसी आकडा २२.५ होता, म्हणजे कर २३ पौंड, आणि प्रत्यक्षातली ताकद जेमतेम २०. ऑस्टिन सेव्हनला कर ८ पौंड आणि खरी ताकद १० च्या आसपास. छोट्या गाडीचे घोडे स्वस्त, मोठीचे महाग. लोकांनी छोटी घेतली यात नवल ते काय! काही कंपन्या तर नावातच दोन्ही आकडे लिहायच्या. अल्विस १२/५० ही १९२३ ची छोटेखानी स्पोर्ट्स गाडी घ्या. १२ घोडे सरकारला दाखवायचे, ५० रस्त्यावर पळवायचे. हा कर १९४७-४८ मध्ये गेला. पण स्वातंत्र्यानंतर आपल्या हिंदुस्तान मोटर्सने बनवलेल्या 'हिंदुस्तान टेन'मधला 'टेन' हा याच हिशेबाचा. मूळ गाडी मॉरिस टेन, सिलिंडरचा व्यास अडीच इंच, चार सिलिंडर. घाला सूत्रात, बरोबर १० येतात. फ्रान्समध्येही करासाठी घोडे मोजायची पद्धत होती. १९४८ ची सिट्रोएन टू सीव्ही, म्हणजे 'दोन घोडे', खरी होती नऊ घोड्यांची.

हे वाचताना ज्यांचं गावाकडे शेत आहे त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल आजवर पंपाच्या एचपीवर लागत आलं आहे, पाणी किती उपसलं त्यावर नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने मोफत विजेची योजना आणली तीसुद्धा साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना. विहिरीत किती पाणी आहे ते विहिरीलाच ठाऊक, बिल मात्र मोटरवरच्या पत्र्यावर कोरलेल्या आकड्याला विचारून होतं. आकडा असा पैशाला जोडला गेला की तो नुसता आकडा राहत नाही, हे सांगायला कुणी इंजिनिअर लागत नाही.

आता चला अमेरिकेत. तिथे १९६० च्या दशकात मसल कारचं वेड होतं आणि ताकद मोजायची 'एसएई ग्रॉस' या पद्धतीने. इंजिन टेबलावर उघडं ठेवायचं, एअर फिल्टर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, पंप-पंखे शक्य तेवढे सुटे, आणि मग आकडा घ्यायचा. पैलवानाला जेवू-खाऊ घालून, गार हवेत उभं करून वजन उचलायला लावावं, तसं. तेच इंजिन गाडीत बसवलं की सगळी ओझी त्याच्या पाठीवर.

त्यात विमा कंपन्या आल्या. जास्त घोड्यांच्या गाडीला जास्त हप्ता! मग जे आकडे फुगवले जायचे ते काही गाड्यांच्या बाबतीत एकदम आवळले गेले. रेसिंगचे वर्गही आकड्यावरूनच पडायचे, त्यामुळे तिकडेही तेच. शेवरले कॉर्वेटचं रेसिंगसाठी काढलेलं एल-८८ इंजिन कागदावर ४३० घोड्यांचं होतं, आणि त्याच गाडीतलं रस्त्यावर चालवायचं साधं इंजिन ४३५ घोड्यांचं. पैलवान पाच घोड्यांनी अशक्त, असं कंपनीच सांगत होती! प्रत्यक्षात एल-८८ पाचशेच्या वर जायचं.

शेवटी १९७२ च्या मॉडेलपासून 'नेट' आकडे आले, म्हणजे इंजिनावर सगळी सामग्री चढवून मोजलेले. बदलाच्या आधीच्या वर्षी, १९७१ ला, जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन ग्रॉस ३६५ आणि नेट २३५. एका स्क्रूलाही हात न लावता १३० घोडे उधळले... पुष्कळ लोक अजून म्हणतात की सत्तरच्या दशकात अमेरिकन गाड्या एका रात्रीत लुळ्या पडल्या. प्रदूषणाच्या नियमांनी खरंच काही घोडे नेले, पण बरेचसे मुळात नव्हतेच.

जपानची तऱ्हा आणखी वेगळी. १९८८ मध्ये तिथे रस्त्यावरच्या अपघातांत दहा हजारांहून जास्त माणसं गेली. सरकारचा रोख बघून कंपन्यांनी आपसात ठरवलं की कुणीही २८० पीएसच्या वरची गाडी काढायची नाही. १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर २८० पीएस, १९९० ची होंडा एनएसएक्स २८० पीएस, पुढे टोयोटा सुप्रा, तीही २८० पीएस! परीक्षेत सगळ्या वर्गाला सारखेच मार्क मिळाले तर मास्तर काय समजायचं ते समजतो. डायनोवर लावलेल्या पुढच्या जीटी-आर तीनशेच्या पार जायच्या. २००४ मध्ये हा करार मोडीत निघाला आणि होंडाने ३०० पीएसची लेजंड आणली.

छोट्या गाड्यांचा करार मात्र अजून जिवंत आहे. १९८७ मध्ये सुझुकीने अल्टो वर्क्स काढली. ५४३ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो आणि ६४ पीएस. तीच पुढे केई वर्गाची कमाल मर्यादा झाली. १९९० मध्ये इंजिन ६६० सीसीपर्यंत न्यायला परवानगी मिळाली, पण घोडे ६४ च. ही अल्टो म्हणजे कोण माहितीये? १९८६ पासून आपल्या रस्त्यांवर धावलेली मारुती ८०० हिची सख्खी बहीण. आपल्या ७९६ सीसीला सुमारे ३७ घोडे आणि तिकडे तिच्याहून लहान इंजिनात ६४! लहानपणी त्या ८०० मध्ये मागच्या सीटवर चौघं कोंबून बसलेल्या पिढीला हे पचायला जड जातं राव.

एवढं सगळं होऊन नेट पद्धत आली म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल. नाही मिटला. १९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्राची जाहिरात होती ३२० घोड्यांची. पण तोवर गाडी रोलरवर चढवून चाकांपाशी ताकद मोजायची यंत्रं साध्या गॅरेजपर्यंत पोचली होती. मालकांनी मोजलं तर मेळ बसेना. फोर्डला विक्री थांबवून गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या. २००१ ला माझदाच्या छोट्या मियाटाचे १५५ घोडे १४२ निघाले, कंपनीने गाड्या परत विकत घ्यायची तयारी दाखवली. २००२ मध्ये ह्युंदाईने अनेक मॉडेलचे आकडे फुगलेले असल्याचं मान्य केलं. २००३ मध्ये पुन्हा माझदा, आरएक्स-८ चे २४७ झाले २३८.

मग एसएईने २००४-०५ मध्ये पळवाटा बुजवल्या. मालकाच्या पुस्तिकेत जे ऑइल आणि जे पेट्रोल लिहिलंय तेच चाचणीत वापरा, पॉवर स्टिअरिंगचा पंप वगैरे जागेवर ठेवा. आणि ज्यांना 'एसएई प्रमाणित' असं छापायचंय त्यांच्या चाचणीला बाहेरचा साक्षीदार हजर पाहिजे. निकाल बघण्यासारखे होते. टोयोटा कॅमरीचं तीन लिटरचं व्ही-६ इंजिन २१० वरून १९० वर आलं. होंडाच्या अॅक्युरा टीएलचे २७० झाले २५८. पण त्याच होंडाच्या छोट्या टीएसएक्सचे २०० चे २०५ झाले, आणि कॉर्वेट झी-०६ चं ५०० चं इंजिन ५०५ भरलं! म्हणजे सगळेच लबाड नव्हते. नियमात जागा मोकळी असली की कुणी या बाजूला सरकतो, कुणी त्या बाजूला. आम्ही सॉफ्टवेअरवाले बेंचमार्कच्या बाबतीत नेमकं हेच करतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. :)

आज मोजणी बरीच शिस्तीची आहे. हवा २५ अंश, दाब ९९ किलोपास्कल असं धरून आकडा दुरुस्त करतात. आपल्याकडे विक्रीला येणाऱ्या गाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, १९६६ पासून पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवर. पण प्रमाणित हवा म्हणजे तुमची हवा नव्हे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी घटते. ८० घोड्यांची गाडी घेऊन महाबळेश्वरला, म्हणजे साडेचार हजार फुटांवर गेलात की दहाएक घोडे खालीच वाईला थांबलेले असतात. (तरी पसरणी घाटात एसी बंद करायला सांगणारे वडील बरोबरच असायचे.)

आणि नवे घोळ तयार होतच आहेत. अमेरिकेत २०२१ च्या माझदा-३ टर्बोला कंपनीने उघडपणे दोन आकडे दिले: महागड्या पेट्रोलवर २५० घोडे, साध्यावर २२७. मला हे फार आवडलं. खोटं काही नाही, फक्त जाहिरातीत कुठला आकडा मोठ्या अक्षरात छापायचा एवढाच प्रश्न. विजेच्या गाड्यांत तर आकड्याला वेळेचं शेपूट आलंय. ह्युंदाई आयोनिक ५ एन एरवी ६०९ पीएसची, पण एक बटण दाबलं की ६५०, तेही दहा सेकंदांसाठी. युरोपच्या नियमात विजेच्या मोटरला एक कमाल आकडा असतो आणि सलग ३० मिनिटं टिकणारा आणखी एक, बराच लहान. वॉटचा घाण्याचा घोडा आणि पळणारा १५ हॉर्सपॉवरचा घोडा... फिरून पुन्हा तिथेच!

त्यामुळे पुढची झटपट छोटी गाडी बाजारात येईल तेव्हा ब्रोशरवरचा मोठा आकडा वाचून झाला की खालची बारीक अक्षरंही वाचा. पहिलं म्हणजे किलोवॅट बघा, तिथे जर्मन-इंग्रजी घोड्यांची भानगड नाही. मग कुठल्या पेट्रोलवर, आणि विजेची असेल तर किती वेळ, हे विचारा. सेल्समनला उत्तर येईलच असं नाही, पण त्याने फोन करून कुणाला तरी विचारावं इतका तरी आपला हक्क आहे, लाखांचा चेक आपण फाडणार असतो.

वॉटच्या गिऱ्हाइकाची एक सोय होती. त्याचा घोडा दारातच बांधलेला होता. शंका आली तर तो दुसऱ्या दिवशी घोडा घाण्याला जुंपून खात्री करून घेऊ शकत होता. आपल्या दारात घोडा नाही आणि बेसमेंट पार्किंगमध्ये डायनो बसवायला सोसायटी परवानगी देणार नाही. म्हणून तो चाचणीला हजर राहणारा बाहेरचा साक्षीदार मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात कामाचा माणूस वाटतो.